ताईच्या नावाचा रंग

कोरियातल्या बोसोंगच्या बस स्थानकामागे प्यो योंगसोपचं बॅनर छापायचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा त्याच्या डोळ्यांचा बोलबाला जास्त होता. आसपासच्या गावांतले छपाईवाले आपल्या बिघडलेल्या बॅनरचा तुकडा कापून घेऊन त्याच्याकडे यायचे, वैद्याला नाडी दाखवायला यावं तसे. योंगसोप तुकडा उजेडाकडे धरायचा आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत निदान सांगून मोकळा व्हायचा.

"आडव्या रेघा आहेत, पण सारख्या अंतरावर. शाई फवारणारं हेड चांगलं आहे, उगाच बदलत बसू नका. कापड जेवढं पुढे सरकायला हवं तेवढं सरकत नाहीये."

"अक्षरं दोन-दोन दिसतायत? अहो, जाताना एक छापतंय, येताना दुसरं. दोन्ही फेऱ्या जुळवून घ्या."

"खोलीत दिवसभर हीटर लावून बसता ना? हवा कोरडी पडली की शाई वाटेल तिथे उडते. पाण्याचं पातेलं ठेवा एक, आणि यंत्राला शिव्या देणं बंद करा."

बोलणं असं फटकळ. पण त्याचं निदान सहसा चुकत नसे, म्हणून लोक ऐकून घ्यायचे. तसा माणूस वाईट नव्हता. दुसऱ्याच्या चुका इतक्या लख्ख दिसणाऱ्या माणसाला थोडी घमेंड यायचीच.

या योंगसोपला जगात एकाच माणसाचा धाक होता, तो म्हणजे बोकनिम ताईचा. ताई त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. तो रांगत होता तेव्हा आई गेली, आणि वडील मासेमारीच्या बोटीवर. ताईने त्याला पाठीला बांधून चहाच्या मळ्यात पानं खुडली. शाळा तिने सोडली, शिकला हा. ग्वांगजू शहरातल्या तंत्रशाळेत त्याला पोचवायला ती रबरी बूट घालूनच गेली होती, आणि पोरं हसली म्हणून तो तिच्यापासून चार पावलं पुढे चालला होता. ताईने ते पाहिलं असणारच, पण कधी बोलून दाखवलं नाही. आईचा चेहरा आठवायचा म्हटलं की योंगसोपला ताईचाच चेहरा आठवायचा.

त्या वर्षी ताईला सत्तर पूर्ण होत होती. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. ग्वांगजूच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन केलं तर बाई अजून पुष्कळ जगेल, नाही केलं तर वर्षाचा भरवसा नाही. ताईला राजी करता करता घरादाराच्या नाकी नऊ आले. तिचा नवरा असाच ऑपरेशनला म्हणून गेला होता आणि परत आला तो पांढऱ्या कापडात. तेव्हापासून तिला हॉस्पिटलच्या जिन्यावर चढतानाही धडकी भरायची. शेवटी योंगसोप तिच्यापुढे गुडघे टेकून बसला, रडला, तेव्हा ती म्हणाली, "बरं बाबा. सत्तरी होऊ दे. गावाला एकदा पोटभर जेवू घालू दे. मग काय कापायचं ते कापा." शनिवारी समारंभ आणि मंगळवारी ऑपरेशन, असं ठरलं.

ताईच्या गावाच्या तोंडावर लावायचा बॅनर आपणच छापणार, असं योंगसोपने छाती ठोकून सांगितलं. डावीकडे ताईचा फोटो, मग निळ्या घंटाफुलांची वेल, वेलीवर 'सत्तरीच्या शुभेच्छा, शंभरी गाठा', आणि उजव्या टोकाला तिच्या नावाची तीन मोठी कोरियन अक्षरं, प्यो बोकनिम, वांगी रंगात. त्याच्या लग्नात ताई वांगी रंगाचा हानबोक, तिकडचा सणाचा पोशाख, नेसली होती आणि गावभर मिरवली होती. एवढा हौसेचा कपडा तिने आयुष्यात एकदाच शिवला.

नेमके निवडणुकीचे दिवस आले. उमेदवारांचे बॅनर, त्यांच्या विरोधकांचे बॅनर, पुन्हा त्यांच्या उत्तराचे बॅनर. यंत्राला उसंत नव्हती. शुक्रवारी दुपारी निळी शाई रडायला लागली. सुरुवात चांगली व्हायची, पण दोनेक मीटर छापून झालं की निळा रंग फिकट व्हायचा. हे दुखणं योंगसोपला पाठ होतं. चोंदलेलं नोजल, म्हणजे शाईचं भोक, पहिल्या इंचापासूनच चोंदलेलं असतं. सुरुवात बरी आणि शेवट फिका, याचा अर्थ शाई वाटेतच अडते आहे, नळीत हवा शिरली आहे, हेडच्या तोंडाशी बसणारी गाळणी गेली आहे. अशा वेळी हेड पुन्हा पुन्हा साफ करायचं नसतं. प्रत्येक सफाईत यंत्र आणखी हवा ओढतं. अति तिथे माती, हे वाक्य त्याने किती जणांना ऐकवलं होतं याची गणती नाही.

आणि स्वतः त्याने काय केलं? सफाईचं बटण दाबलं, एक बॅनर काढला. पुन्हा दाबलं, दुसरा काढला. गाळणी बदलायची तर यंत्र तासभर बंद ठेवावं लागलं असतं आणि उमेदवारांची माणसं दारात उभी होती. ताईचा बॅनर सगळ्यांत शेवटी लावला. घरचं काम, ते कुठे पळतंय! ताईचा फोटो सुरेख आला. पहिली घंटाफुलं निळीशार उमटली. तेवढ्यात एका उमेदवाराचा फोन आला, 'जेवायला या, डुकराचं मांस भाजतोय,' आणि योंगसोप यंत्र चालू ठेवून गेला. छापलेलं कापड आपोआप गुंडाळलं जातं. परत आल्यावर त्याने ते तसंच गुंडाळलेलं काढलं, टोकं शिवली, काठ्या घातल्या, दोऱ्या बांधल्या. उलगडून पाहिलं नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर योंगसोपने त्याचा पाणउतारा केला असता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

शनिवारी पहाटे ताईचा मुलगा ग्वांगसू येऊन बॅनर घेऊन गेला आणि अंधारातच पर्सिमनच्या दोन फळझाडांना बांधून स्वयंपाकाच्या गडबडीला लागला.

योंगसोप बायकोला, मिरानला, घेऊन पोचला तेव्हा चांगलं उजाडलं होतं. झाडांखाली दहा-बारा माणसं माना वर करून उभी होती. त्याने वर पाहिलं. वेलीची पानं उजवीकडे जाता जाता पिवळी पडली होती, घंटाफुलं गुलाबी झाली होती, आणि शेवटी ताईचं नाव होतं, लालभडक.

जिवंत माणसाचं नाव कोरियात कुणी लाल अक्षरात लिहीत नाही. वर्गातल्या पोराने गमतीने लाल पेनाने मित्राचं नाव लिहिलं तरी ते पोर रडत घरी जातं. लाल नाव मेलेल्याचं. हे खरं की खोटं, कुणी कधी विचारत नाही. जिभेवर जसं चुकूनही काही शब्द आणत नाहीत, तसंच हे.

"काढ! ग्वांगसू, आधी काढ ते!" योंगसोप ओरडला. पण ताई तोवर आली होती. केस सावरलेले, अंगावर साधाच पण नवा हानबोक, हातात पाहुण्यांसाठी तांदळाच्या वड्यांचं ताट. तिने वर पाहिलं.

"फोटो छान आलाय," ती म्हणाली.

मग सगळ्यांना जेवायला बसा म्हणाली. कुणाच्या ताटात काय कमी आहे ते स्वतः पाहिलं. एका म्हाताऱ्याने नाचायचा आग्रह केला तर दोन पावलं नाचलीसुद्धा. योंगसोपच्या वाटीत तिने समुद्री शेवाळाचं सूप दोनदा वाढलं. गावच्या वडीलधाऱ्यांनी बॅनर समाजमंदिरामागे नेऊन जाळायला लावला, तेव्हा तिने तिकडे मान वळवली नाही. योंगसोपला वाटलं, सुटलो.

दुकानात परतल्यावर अंगातला सूटही न काढता तो यंत्राला भिडला. गाळणी काढली. आत किती गाळ आहे ते पाहावं म्हणून उकलायला गेला तर ती हातात फुटली. नवी बसवली, नळीतली हवा थेंब थेंब बाहेर काढली, लांबलचक कापड छापून पाहिलं. निळा रंग पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत तसाच होता. मिरान दारात उभी राहून बघत होती. "बैल गेला आणि झोपा केला," ती म्हणाली, आणि मग तिलाच वाईट वाटून त्याच्यासाठी जेवण घेऊन आली.

रविवारी सकाळी ग्वांगसूचा फोन आला.

"मामा, आई ऑपरेशनला नाही म्हणते. तुमच्यावर राग नाही म्हणते, कुणावरच नाही. पण जाणार नाही म्हणते."

"त्या नावामुळे?"

"दुसरं काय?"

"तिला दुकानात घेऊन ये. आत्ता. नुसती शाई होती रे ती! निळी आटली की वांगी रंगाचा लाल होतो, एवढंच. मी तिला डोळ्यांनी दाखवतो."

ताई आली. जिना चढताना दोनदा थांबली. मिरानने, "वन्सं, इथे वाऱ्याला बसू नका," म्हणत तिला यंत्राजवळ खुर्ची दिली आणि बार्लीचा चहा आणला. योंगसोपने सांगायला सुरुवात केली. वांगी रंग कसा निळा, दाट गुलाबी आणि जरासा पिवळा मिळून होतो, शाई डब्यातून नळीत कशी येते, गाळणी कुठे असते, हवा कशी शिरते. इतक्या मऊ आवाजात त्याने आजवर कुठल्या गिऱ्हाइकाला समजावलं नव्हतं. तो शाळेत पाठ केलेली कविता म्हणून दाखवायचा तेव्हा ताई जशी ऐकायची, तशीच ती आताही ऐकत होती. एक अक्षर कळत नव्हतं, पण नजर त्याच्यावरून हलत नव्हती.

"बरं. मग दाखव," ती म्हणाली.

त्याने तोच बॅनर लावला. यंत्राचं हेड इकडून तिकडे फिरायला लागलं. फोटो आला, फुलं आली, पानं हिरवीगार आली, आणि शेवटी नाव आलं, वांगी, नुकत्याच खुडलेल्या वांग्यासारखं चकचकीत.

"नीट तर छापतंय," ताई म्हणाली.

"आता नीट छापतंय ताई! मी दुरुस्त केलं ना!"

"मग मला दाखवायला तरी बिघडव परत."

फुटलेली गाळणी कचऱ्यात गेली होती आणि नवी गाळणी मुद्दाम खराब होत नसते. आयुष्यभर लोकांना दोष काढून दाखवणाऱ्या माणसाला आपलाच दोष परत आणून दाखवता येईना.

"तू पानं पाहिलीस ना काल? एकदम नाही झालं ते. हळूहळू रंग गेला. शाई आटत गेली म्हणून."

"पाहिली की. आधी पानं पिवळी पडली, मग फुलांचा रंग उडाला, मग माझं नाव आलं." ताई हसली. "इतकं सरळ तर देवऋषीणबाईपण सांगत नाही रे. ती निदान दक्षिणा घेते."

"आई, थट्टा नको," ग्वांगसू म्हणाला. तो इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता, आता पुढे आला. "मामा, निळी मुद्दाम बंद करून छापता येत नाही का? तुम्ही बंद केली की लाल येईल, चालू केली की वांगी. आईच्या समोर. मग पटेल तिला."

हे योंगसोपला आधी का सुचलं नव्हतं, कोण जाणे. की सुचलं होतं आणि त्याने ते मागे ढकललं होतं? हा तर पोरखेळ होता. तो संगणकापुढे बसला. निळी बंद केली. पडद्यावर ताईचं नाव लाल झालं. आता एकच कळ दाबायची होती.

"बघ हं ताई," तो म्हणाला आणि त्याने बोट कळीवर ठेवलं.

बोट तिथेच राहिलं.

परवा यंत्राने छापलं होतं. आज तो छापणार होता, जाणूनबुजून, ताईचं नाव, ताईसमोर. ही शाई आहे, त्याने स्वतःला बजावलं. निळी नसलेली शाई. हे त्याच्याइतकं त्या सगळ्या मुलखात कुणाला ठाऊक नव्हतं. मंगळवारी तिला टेबलावर झोपवतील, आणि काही झालंच तर? आदल्या रविवारी या हाताने काय लिहिलं होतं?

"माझं नाव छापतो," तो घाईघाईने म्हणाला. "शाई तीच, यंत्र तेच. माझं लाल छापून दाखवतो."

"खबरदार!" ताई अशी कडाडली की बार्लीचा चहा तिच्या मांडीवर सांडला. "स्वतःचं नाव लाल लिहितोस? अक्कल गहाण टाकलीस का?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "माझंच छाप की. नुसती शाई आहे ना?"

योंगसोपने पुन्हा बोट टेकवलं. आता दाबतो, आता दाबतो, असं त्याला खरंच वाटत होतं.

"सरका मामा, मी दाबतो," ग्वांगसू म्हणाला. त्याने हात पुढे केला, आईकडे पाहिलं आणि हात मागे घेऊन खिशात घातला.

बाहेर निवडणुकीची गाडी गाणी वाजवत गेली. ताई खुर्चीच्या दांडीला धरून उठली, योंगसोपच्या मागे येऊन उभी राहिली आणि लहानपणी झोपवताना थोपटायची तशी त्याच्या पाठीवर थोपटायला लागली.

"राहू दे रे," ती म्हणाली. "एवढं सगळं कळून तुझं बोट धजत नाही, मग माझं काळीज कसं धजेल?"

"ताई, मी दाबतो. थांब. एक मिनिट."

"नको. तुझ्या हाताला ते लागायला नको." तिने रुमालाने मांडीवरचा चहा टिपला. "ग्वांगसू, चल, बस गाठायची आहे. मिरान, याला जेवायला घाल, चेहरा बघ कसा पांढरा पडलाय."

मंगळवार आला आणि गेला. डॉक्टरांनी दुसरी तारीख दिली, तेव्हा ताई म्हणाली, मिरचीची रोपं लावून झाली की बघू. योंगसोप दर आठवड्याला तिच्याकडे जायचा, विनवायचा, चिडायचा, एकदा तर तो तिला अडाणीसुद्धा म्हणाला. ताई त्याच्यापुढे किमची सरकवायची आणि म्हणायची, "शिकलेला तूच ना एक." मिरच्यांना फुलं धरली त्या सुमाराला एका सकाळी ती परसात बसल्या बसल्या गेली.

तिसऱ्या दिवशी तिला नवऱ्याशेजारी पुरलं. परतताना ग्वांगसू योंगसोपला म्हणाला, "मामा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आईच हट्टी होती." योंगसोपने मान हलवली. हट्टी ती नव्हतीच. ती फक्त त्याच्याकडे बघत होती, लहानपणापासून बघत आली तशी, आणि तो म्हणेल ते खरं मानायला तयार होती. त्या रविवारी त्याने ती कळ दाबली असती तर ती ऑपरेशनला गेली असती. बरी झाली असती की नाही ते डॉक्टर जाणोत, पण गेली नक्की असती. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि त्याने ते कुणाला सांगितलं नाही.

दुकान उघडल्यावर त्याने संगणक चालू केला. ताईची फाइल तशीच होती. त्याने निळी बंद केली, कापड लावलं आणि कळ दाबली. मिरान मागच्या खोलीत चहा ओतत होती, तेवढ्यात छापून झालं. प्यो बोकनिम, लालभडक, त्या शनिवारी झाडांवर होतं अगदी तसंच. त्याने कापड उजेडाकडे धरून सवयीने पाहिलं. रेघ नव्हती, ठिपका नव्हता, कडा स्वच्छ होत्या. त्या अक्षरांत काहीही नव्हतं. नुसती शाई होती.

"काय छापताय हो?" आतून मिरानने विचारलं.

बोट जराही अडलं नव्हतं. आता ते नाव लाल छापायला कुणाचीच हरकत नव्हती.